दिवा लागल्यावर सत्तावीस मैल

सोमवार, ता. २४ ऑक्टोबर १९३८. पाडवा.
आजपासून रोजनिशी सुरू. ही वही दुसऱ्या कोणी वाचायची नाही, त्यामुळे जे खरं तेच लिहिणार. पहाटे पाचला उठणे, विडी सोडणे, रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करणे. आणि मुख्य म्हणजे फेब्रुवारीत लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहून निवडून येणे.
मोताळ्यात मोटार लॉरी असलेला माणूस एकच. तो मी, इंद्रभान. समोर हिंमतराव उभे राहणार असं ऐकतो. त्यांच्याकडे दीडशे एकर रान आणि बावीस बैल आहेत. पण बैल ते बैलच. बोर्डावर आता यंत्र कळणारा माणूस पाहिजे.
आज साडेआठला उठलो. सण होता.

गुरुवार, २७ ऑक्टोबर
लॉरीत एकच खोट. टाकीत पेट्रोल किती, ते कळत नाही. काटा घेतल्या दिवसापासून मेलेला आहे. ड्रायव्हर रहेमतुल्ला टाकीत बांबूची कामटी घालतो, ओली खूण पाहतो आणि सांगतो, चार गॅलन. आड मोजतात तसं. मला लाज वाटते.
आंघोळ करताना आयडिया सुचली. टाकीत एक मोठं बूच तरंगत ठेवायचं. त्याला तांब्याची तार. पेट्रोल खाली गेलं की बूच खाली, तार तारेला लागणार आणि ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागणार. लाल काच सायकलच्या मागच्या दिव्याची. असं कुठेच नसेल. अमेरिकेत असलं तर असेल.
दिवा दीड गॅलन उरल्यावर लागेल असा बसवला. गॅलनला बारा मैल, म्हणजे दिवा लागल्यावर अठरा मैल. मलकापूर पंधरा मैलांवर. सरळ गणित आहे. रहेमतुल्लानं विचारलं की बूच पेट्रोल पिऊन जड झालं तर काय. अशिक्षित माणसाला शंका फार. त्याची कामटी आडात टाकून दिली.

मंगळवार, १ नोव्हेंबर. संध्याकाळी.
पहिली टेस्ट. कापूस घेऊन मलकापूरला निघालो. मी शेजारी बसलो होतो. चौथ्या मैलाला दिवा लागला. काय सुंदर लाल. कोकिळेला दाखवायला पाहिजे होता, पण बायकोला यंत्रात गोडी नाही.
पुढे चार मैलांवर लॉरी थांबली. रहेमतुल्ला म्हणाला, पेट्रोल संपलं. मी म्हटलं, कचरा अडकला असेल. त्यानं सगळं खोलून पाहिलं. कचरा नव्हता. शेवटी रिकामा डबा देऊन त्याला मलकापूरला पिटाळला. सात मैल. त्याचा रोजा होता, म्हणजे वाटेत पाणी प्यायला थांबण्यात वेळ जाणार नव्हता. मी निंबाखाली जरा पडलो.
दिवस बुडताना डबा डोक्यावर घेऊन आला. रोजा सोडायला पाणी मागितलं. रेडिएटरसाठी ठेवलं होतं, त्यातलं अर्धं दिलं. इंजिनालाही तहान असते.
निष्कर्ष: दिवा बरोबर आहे. कापूस ओला असल्यामुळे वजन जास्त झालं.

शनिवार, १२ नोव्हेंबर
दुसरी टेस्ट. सोळा मैल! दिवा गावाच्या शिवेवर लागला आणि तरी मलकापूरला कापसाची सरकी काढायच्या जिनापर्यंत पोचलो. वाटेत दाताळ्याला मी चहाला उतरलो. रहेमतुल्ला गाडीपाशीच थांबला. त्याचा रोजा.
तो कालपर्यंत तोंड पाडून होता, आज जरा बरा दिसला. यंत्रावर विश्वास बसला की माणूस सुधारतो.
विडी सोडून परवा तीन आठवडे झाले असते.

शनिवार, २६ नोव्हेंबर
दिवा लागल्यावर बावीस मैल. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. दाताळ्याला चहा. रमजान संपला तरी रहेमतुल्ला चहाला येत नाही, गाडीपाशीच बसतो. चहाची सवयच मोडली असावी. बरं आहे.

शनिवार, १० डिसेंबर
सत्तावीस मैल!!
यामागचं शास्त्र माझ्या लक्षात आलं. पेट्रोल कमी झालं की गाडी हलकी होते. हलकी झाली की पेट्रोल कमी लागतं. म्हणजे जितकं कमी, तितकं जास्त पुरतं. हे कागदावर काढून कोकिळेला समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं की मंग लोक टाकी भरतात काऊन. तिला आकडे कळत नाहीत.
रहेमतुल्लालाही विचारलं की तुला काय वाटतं. तो म्हणाला, मालक, तुमी म्हनता तसंच असन. हळूहळू शिकतो आहे.

बुधवार, १४ डिसेंबर
उमेदवारीचा फॉर्म भरला. ज्याला वाचता येत नाही त्यानं पेटीचा रंग पाहून चिठ्ठी टाकायची, असं आहे. मी लाल मागितला. हिंमतरावांना हिरवा मिळाला, चाऱ्याचा. शोभतो त्यांना.
बाजारात ओट्यावर उभा राहून भाषण केलं. दिव्याचं सगळं समजावलं. दिवा लागला म्हणून घाबरू नका, अजून सत्तावीस मैल आहेत, तसाच आपला तालुका आहे, असं म्हणालो. हे वाक्य आधीपासून तयार होतं. हिंमतराव कांदे घेत होते. त्यांनी शांतपणे विचारलं की दिवा लागल्यावर किती उरलं ते कळते, का थोडं उरलं एवढंच कळते. लोक हसले. अडाणीपणाला औषध नाही.

रविवार, ८ जानेवारी १९३९
मन फार दुखावलं आहे.
आज लॉरी धुताना मी स्वतः हजर होतो. ड्रायव्हरच्या सीटखाली, गोणपाटामागे, दोन गॅलनचा डबा. गच्च भरलेला. माझं पेट्रोल! मलकापूरला टाकीत ओतायला देतो, त्यातलं काढून ठेवलेलं. म्हणजे दोन महिने चोरी चालू होती आणि मी त्या माणसाला विज्ञान शिकवत होतो.
चावडीसमोर उभा केला. चार लोक बोलावले. चारचे चाळीस झाले. डबा त्याच्या हातात धरायला लावला, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. विचारलं, काय सांगायचं ते सांग.  तो म्हणाला, "मालक, हा डबा तुमच्याच टाकीत जात व्हता. तुमी चहा पेत तवा."
खोटं बोलायची काय हातोटी. दिवा असताना डबा ओतायची गरज काय? मी हेच विचारलं.  तो म्हणाला की भर उन्हात सात मैल चालायचं पुन्हा नको वाटत होतं. चोरीचा आणि चालण्याचा संबंध काय ते त्यालाच माहीत.
कामावरून काढला. मलकापूर, नांदुरा, खामगाव, जिथे जिथे लॉरीवाले ओळखीचे आहेत, त्या सगळ्यांना पोस्टकार्ड टाकलं की या माणसाला ठेवू नये. एकूण अकरा कार्डं. अक्षर चांगलं आलं.

मंगळवार, १० जानेवारी
रहेमतुल्लाची बायको जमीला घरी आली होती. कोकिळेशी स्वयंपाकघरात तासभर बोलत बसली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. तेव्हापासून कोकिळा माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता आहे, भाषणं पाठ करायला बरं पडतं.

गुरुवार, १९ जानेवारी
आता लॉरी मीच चालवतो. बुद्धी असली की हात आपोआप वळतात. बाजारातलं एक मडक्यांचं दुकान मध्ये आलं, तेवढंच.
दिवा लागल्यावर आज तीन मैल. थंडी फार आहे. थंडीत पेट्रोल आकसतं. दोन बैल जोडून लॉरी गावात आणावी लागली. मतदारांचा गैरसमज नको म्हणून लॉरीवर ताडपत्री झाकली होती. तरी सगळ्यांनी ओळखली. एकच आहे ना.
आता निवडणुकीपर्यंत टेस्ट नाही. जे एकदा सिद्ध झालं, ते पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसणं म्हणजे स्वतःचाच अपमान.
इंग्रजी शब्द: आज एक. 'एम्प्टी'.

बुधवार, १ फेब्रुवारी
खैरखेडला जाऊन आलो. अकरा मैल. अडतीस मतदार आणि अडतीसही पुंजाजीबुवाच्या शब्दातले. म्हातारा सत्तरीचा, पण ताठ. हिंमतरावांनी त्यांना मतदानाला न्यायला बैलांच्या छकड्या पाठवायचं कबूल केलं आहे. मी म्हटलं, छकड्यात तर जन्म गेला, आता मोटारीत बसा. पुंजाजीबुवानं बराच विचार केला. म्हणाला, "म्या मोटार दुरूनच पाह्यली. मले पुढं बसवसान काय?"
मी म्हटलं, पुढेच, माझ्याशेजारी, दिव्यासमोर. शब्द दिला. अडतीस मतं खिशात.

बुधवार, ८ फेब्रुवारी
उद्या मतदान. इथल्याच शाळेत, सकाळी आठ ते पाच.
टाकीत आहे ते पुरे. पेट्रोल आणायला माणूस पाठवला नाही. विचारपूर्वक पाठवला नाही. भरलेल्या टाकीवर मतदार कोणीही आणेल, त्यात काय मोठं? लाल दिवा लागलेली लॉरी अडतीस माणसं घेऊन शाळेसमोर उभी राहील आणि तिथे माझी लाल पेटी असेल, तेव्हा लोकांना अर्थ कळेल. हिंमतरावांनाही दाखवीन दिवा.
उद्या चारला उठणे.

गुरुवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ७.५०
जरा उशीर. वही बरोबर घेतो आहे, आजचा दिवस जागच्या जागी लिहून ठेवण्यासारखा आहे. माझं मत येताना टाकीन, सगळ्यांच्या देखत.

सकाळी ९.४०
खैरखेड. वेशीत शिरतानाच दिवा लागला. शुभशकुन. सत्तावीसातून अकरा गेले तरी सोळा हातात राहतात.

सकाळी ११.१५
भाषण तासभर चाललं. मागे बसलेले दोघे उठून रानात गेले होते, त्यांना शोधून आणलं. आता अडतीस भरले. पुंजाजीबुवा माझ्याशेजारी, नवं धोतर, घडी न मोडलेलं. दिव्यापुढे त्यानं हात जोडले. मी म्हटलं, हा देव नाही, विज्ञान आहे. तो म्हणाला, असू द्या.

दुपारी १२.००
चार मैल आलो. नाल्याच्या चढावर लॉरी थांबली आहे. कचरा असेल.

दुपारी १२.३५
कचरा नाही. बूच वर आलेलं दिसत नाही. लोक म्हणतात, मोताळा सातच मैल, आम्ही चालत जातो, तीनपर्यंत पोचू. मी कोणालाच उतरू दिलं नाही. समजावून सांगितलं की लॉरीतून आलेला माणूस लॉरीला मत देतो, चालत आलेला स्वतःच्या मनाला येईल त्याला देतो. पत्रा तापला आहे. दोघांना चक्कर आली. एकाला बरं वाटलं, एकाला नाही.
कोणी तरी म्हणालं, रहेमतुल्ला असता तं डबा घेऊन आला असता. मी ते नाव घ्यायला बंदी केली.

दुपारी १.२०
युक्ती सुचली. चढावरून ढकलायची. चढापलीकडे उतार आहे, उतारावर पेट्रोल लागतच नाही. सगळ्यांना खाली उतरवलं. मी स्टेअरिंगवर. पुंजाजीबुवालाही गाडीत बसून राहणं बरं दिसेना, तो खाली उतरला. म्हाताऱ्या माणसाला हलकं काम म्हणून त्याला एक दगड दिला. गाडी पुढे सरकली की मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा, एवढंच.
अर्ध्या चढापर्यंत व्यवस्थित गेली. मग लोकांचे हात सुटले. ब्रेक पूर्वीसारखा नाही. पुंजाजीबुवा दगड लावायला वाकलेला होता. उजवा पाय.
तो ओरडला नाही. लोकांनी लॉरी उचलून पाय काढला. मी सगळ्यांना सांगितलं की दगड वेळेवर लागला असता तर असं झालं नसतं.  वजन फार होतं, हेही खरं.

दुपारी २.१०
हिंमतरावांच्या चार छकड्या आल्या. पहिली रहेमतुल्ला हाकत होता. लॉरी कोणी देईना म्हणून आता तो बैल हाकतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खांद्यावरचा दुपट्टा फाडून पुंजाजीबुवाचा पाय बांधला, त्याला दोन्ही हातांवर उचलून छकडीत निजवला आणि डोक्याखाली स्वतःच्या सदऱ्याची घडी दिली. मग मला म्हणाला, "मालक, बसा. शाळा बंद व्हाले तीन तास हायेत."
मी बसलो नाही. हिंमतरावांच्या छकडीतून लाल पेटीकडे जायचं? शिवाय लॉरी एकटी सोडली तर लोक काय काय काढून नेतात. अडतीस जण गेले, काही छकड्यांतून, काही मागून चालत. जाताना कोणी रामरामही केला नाही. घाईत असतील.

संध्याकाळी ५.००
आता मतदान बंद झालं असेल. टाकीच्या कडेला चिकटलेलं पेट्रोल एव्हाना खाली उतरलं असेल असा अंदाज होता. हँडल मारून पाहिलं. चाळीस वेळा.
दिवा मात्र अजून लागलेला आहे.

शनिवार, ११ फेब्रुवारी
मोजणी झाली. हिंमतराव चारशे सदतीस. मी एक.
पहिल्यांदा वाटलं, पुढचे आकडे लिहायचे राहिले. फेरमोजणी मागितली. शाळेच्या मास्तरांनी लाल पेटी पुन्हा उलटी करून दाखवली. एक.
ते मत माझंही नाही, कारण मी नाल्यावर होतो. हे आठवलं तेव्हा खाली बसलो. मास्तरांनी पाणी दिलं.

रविवार, १२ फेब्रुवारी
दवाखान्यात पुंजाजीबुवाचा पाय घोट्यापासून काढला. कळलं की त्या दिवशी त्यानं छकडी आधी शाळेपाशी थांबवायला लावली होती. लोकांनी उचलून आत नेला, चिठ्ठी टाकली, मग दवाखाना. हिरव्या पेटीत. याला कृतघ्नपणा म्हणतात. माझ्या लॉरीत तो पुढे बसला होता.
भेटायला जावं असं मनात आलं. पण त्यानं काही विचारलं तर? पुढच्या आठवड्यात बघू.
जेवताना कोकिळेला विचारलं की ते एक मत तुझंच ना. महिन्याभरानं ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "म्या हिंमतरावाले देल्लं. तुमी निवडून आले असते, तं मंग तुमाले थांबवलं कोनं असतं?" आणि भाकरी वाढली.
भूक नव्हती. दोन खाल्ल्या.

सोमवार, १३ फेब्रुवारी
विचार केला. एक एक नाव काढत गेलो. माझ्या सख्ख्या भावाचं मत नाही, त्यानं स्वतः येऊन सांगितलं. मडकीवाला नाही. खैरखेडचे तर नाहीतच. मास्तर म्हणाले की साडेचारच्या सुमारास सगळ्यांत शेवटी रहेमतुल्ला आला होता. चिठ्ठी टाकून बाहेर आला तो अस्वस्थ दिसत होता.
अस्वस्थ! म्हणजे मन भरून आलं होतं. मला एकदम उलगडा झाला. चावडीसमोर उभं केलं, अकरा कार्डं टाकली, तरी इमान सुटलं नाही. सगळ्या तालुक्यात मला ओळखणारा माणूस एकच निघाला आणि तो मीच घडवलेला.
डोळ्यांत पाणी आलं. उद्या त्याच्या घरी जाणार. झालं गेलं विसरून त्याला परत लॉरीवर घेणार. डब्याचा विषयसुद्धा काढणार नाही. चावडीसमोर चार शब्द बोलेन, त्याला बरं वाटेल.

मंगळवार, १४ फेब्रुवारी
गेलो होतो. रहेमतुल्ला अंगणात बैलाच्या मानेला हळद-तेल लावत होता. जमीलानं बाज टाकली, पाणी आणून दिलं. मी घसा साफ करून सुरुवात केली. म्हणालो की माणसाची परीक्षा अडचणीत होते, तुझं मत मला कळलं, मी विसरणार नाही, उद्यापासून लॉरीवर ये.
तो बराच वेळ बैलाची मान चोळत राहिला. मला वाटलं, बोलता येत नसेल.
मग म्हणाला, "मालक, त्या खोलीत अंधार व्हता. म्या हिरवी समजून टाकली. मास्तरानं दार उघडलं तवा दिसलं, लाल व्हती. लगेच म्हटलं, मले माही चिठ्ठी वापस द्या. मास्तर म्हने, एकडाव पेटीत गेली, आता निंगत नाई."
हे सांगताना तो ओशाळला होता. माझ्यासाठी नाही. हिंमतरावांचं एक मत आपल्या हातून कमी झालं, म्हणून. जमीला पदर तोंडाला लावून आत गेली.
मी पाणी प्यायलो. भांडं खाली ठेवलं. लॉरीचं काय, ते त्यानं विचारलं नाही, मीही पुन्हा बोललो नाही. बैल चांगला आहे, असं म्हणालो आणि निघालो.
तरी चिठ्ठी मास्तरांनी परत दिली नाही. माणूस सज्जन आहे.